खालचा गुंता, वरचा दोरा

अगं, आधी तो स्क्रूड्रायव्हर खाली ठेव बघू. बॉबिन केसवरचा स्क्रू फिरवायची वेळ अजून आलेली नाही, आणि बहुतेक वेळा ती येतच नाही. तू फोनवर म्हणालीस, टीप वरून छान पडते पण खाली दोऱ्याचा नुसता गुंता होतो, म्हणजे बॉबिनच बिघडली असणार. असं वाटणं अगदी साहजिक आहे. पण खाली लोंबणारा तो गुंता वरच्या दोऱ्याचा असतो. खात्री करून घ्यायची असेल तर वर लाल दोरा लाव, बॉबिनमध्ये पांढरा भर, वीतभर टीप मार आणि कापड उलटं करून बघ. खालची वेटोळी लाल दिसतील.

असं का होतं ते एकदा समजून घे, म्हणजे पुन्हा कुणाला विचारावं लागणार नाही. सुई वरचा दोरा घेऊन खाली जाते, शटल तो दोरा पकडून बॉबिनभोवती फिरवून आणतं आणि मग वरचा लिव्हर तो ओढून घेतो. प्रत्येक टाक्याला वरच्या आणि खालच्या दोऱ्यात अशी रस्सीखेच चालते. दोघांचा जोर सारखा असला की गाठ दोन कापडांच्या मधोमध लपते आणि टीप दोन्ही बाजूंनी सारखी दिसते. वरच्या दोऱ्याला कुणी धरलंच नसेल तर तो खाली वाहत जातो आणि तिथे गोळा होतो. उलट वरचा दोरा जास्त ताणलेला असेल तर खालचा दोरा ठिपक्याठिपक्यांनी वर डोकावतो, वरचा नुसता सरळ रेघेसारखा पडून राहतो आणि पातळ कापडाला चुण्या येतात. म्हणून दोष कापडाच्या ज्या बाजूला दिसेल त्याच्या विरुद्ध बाजूचा दोरा आधी तपासायचा. एवढं एक लक्षात ठेवलंस तरी तुझं निम्मं काम झालं.

आता मशीनसमोर बस. दोरा सगळा काढून टाक आणि नव्याने ओवायला घे, पण त्याआधी दाबाचा पाय वर उचल. आपल्याकडे हीच गोष्ट कुणी सांगत नाही, आणि बहुतेक गुंते इथेच सुरू होतात. टेन्शनच्या नटामागे दोन पातळ गोल चकत्या असतात, एकमेकींना चिकटलेल्या. पाय वर उचलला की आतली एक बारीक पिन त्या चकत्या सैल करते. तेव्हाच दोरा त्यांच्या मधे नीट उतरतो. पाय खाली असताना ओवलास तर तो चकत्यांच्या कडेवरच राहतो. बाहेरून सगळं बरोबर दिसतं, पण टेन्शन शून्य. मग तू नट कितीही आवळ, काही फरक पडत नाही.

दोरा चकत्यांत बसलाय की नाही हे डोळ्यांपेक्षा हाताला चांगलं कळतं. सुईपर्यंत दोरा ओव, पाय वर असू दे, आणि दोरा सुईतून हळूच ओढ. अगदी मोकळा यायला हवा. आता पाय खाली टाक आणि पुन्हा ओढ. या वेळी हाताला स्पष्ट अडवणूक जाणवली पाहिजे, सुई जराशी वाकल्यासारखी दिसली पाहिजे. दोन्ही वेळा दोरा सारखाच मोकळा येत असेल तर तो चकत्यांत नाही. दोन्ही वेळा घट्ट येत असेल तर पाय उचलल्यावर चकत्या उघडतच नाहीयेत, ती पिन अडकली असेल किंवा मागे कुणीतरी खोलताना पडून गेली असेल. ही परीक्षा मी आजही शिवायला बसताना घेते. तूही सवय लाव.

चकत्यांशेजारी केसासारखी बारीक तार दिसते ना, वाकवलेली? ती चेक स्प्रिंग. सुई कापडात शिरेपर्यंत दोऱ्याचा ढिलेपणा ती सांभाळते. दोरा चकत्यांतून निघाल्यावर त्या तारेतून गेलाच पाहिजे, आणि मग वर लिव्हरच्या छिद्रात. घाईत ओवताना हीच पायरी सुटते. मशीन चालतं, पण अधूनमधून एखादा टाका सैल पडतो आणि आपल्याला कारण सापडत नाही. हँडल हाताने सावकाश फिरवून ती तार दर टाक्याला खाली ओढली जाऊन परत उसळते का ते बघ. उसळत नसेल तर ती थकली किंवा मोडली. बदलायला फार खर्च येत नाही.

नंतर सुई. तुझ्या सासूबाईंच्या मशीनमधली सुई कधी बसवली होती हे त्यांनाही आठवणार नाही, म्हणून ती काढून टाकच. दुकानात घरगुती मशीनची सुई माग, पाकिटावर १५ गुणिले १ किंवा १३०/७०५ असं लिहिलेलं असतं. ब्लाऊजच्या टू बाय टूला ११ किंवा १४ नंबर, जाड कापडाला १६. सुईच्या दांड्याची एक बाजू चपटी असते आणि त्याच्या विरुद्ध बाजूला लांबच लांब खोबण असते. नखाने चाचपून बघ, लगेच लागेल. दोरा नेहमी त्या खोबणीच्या बाजूने आत घालायचा, आणि चपटी बाजू शटलकडे. मशीन कुठल्याही कंपनीचं असो, हे बदलत नाही. सुई वरपर्यंत ढकलूनच स्क्रू आवळ. जराशी खाली राहिली तरी टाके सुटतात आणि दोष बिचाऱ्या टेन्शनवर जातो.

ड्रॉवरमधली ती जुनी लाकडी रिळं फार सुंदर आहेत, जपून ठेव, पण त्यांनी शिवू नकोस. वर्षानुवर्षं पडून सुती दोरा कोरडा होतो, चिमटीत धरून ओढला तरी तुटतो. तो वर लावून टेन्शन जुळवत बसणं म्हणजे दिवसभराची फुकट मेहनत. आणि वर-खाली दोरा एकाच जाडीचा घे. बॉबिन हाताने गुंडाळू नकोस, मशीनवरच भर, सारख्या वेगाने. ढिलीढाली भरलेली बॉबिन कधी सैल सुटते, कधी अडकते, आणि मग टीप दर चार बोटांवर बदलते.

एवढं करूनही जमलं नाही, तरच सफाईला लाग. जुन्या घरगुती मशीनमध्ये फार वेळा एक गोष्ट सापडते: खोबरेल तेल. घरात हाताशी असतं, म्हणून कुणीतरी घातलेलं. ते सुकून चिकट होतं, आणि चकत्यांपर्यंत ओघळलेलं असेल तर त्यावर दोऱ्याचा कीस बसून कडक थर होतो. या थरामुळे चकत्या पूर्ण मिटत नाहीत. नट सैल कर, पाय वर उचल, जुन्या मऊ धोतराची बारीक पट्टी किंचित रॉकेलमध्ये बुडवून चकत्यांच्या मधून पुढेमागे ओढ. पट्टी काळी निघेल. ती स्वच्छ निघेपर्यंत कर आणि शेवटी कोरडी पट्टी फिरव. बाकी मशीनला शिलाई मशीनचंच तेल घाल, पण चकत्यांना तेलाचा थेंबही लागू देऊ नकोस. तिथे दोरा घासूनच धरला जायला हवा.

पट्टीने भागलं नाही तर नट काढून सगळं खोलावं लागेल. घाबरू नकोस. खाली मोठं ताट ठेव म्हणजे बारीक भाग घरंगळणार नाहीत, आणि एकेक वस्तू काढताना मोबाइलवर फोटो घेत जा. परत बसवताना लोकांचा घोळ होतो तो चकत्यांच्या तोंडांचा. दोन्ही चकत्यांच्या फुगीर बाजू एकमेकींना टेकल्या पाहिजेत, म्हणजे कडा बाहेरच्या बाजूला उघड्या राहतात आणि दोरा अलगद आत उतरतो. उलट्या बसवल्या तर दोरा आत जाताना अडखळतो. मधली पिन तिच्या जागी आहे ना, हे नट लावायच्या आधी बघ.

आता बॉबिन केस. तिच्या अंगावर पोलादाची एक वाकडी पत्ती आणि एक इवलासा स्क्रू दिसेल. पत्तीखाली कीस साठलेला असतो, दिसत नाही पण असतो. टाचणी घालून उकरू नकोस, ओरखडा पडला की दोरा कायमचा तिथे अडकत राहील. जाड कागदाचा कोपरा दोरा जातो त्याच दिशेने पत्तीखालून सरकव. बऱ्याचदा कापसाचा एवढासा गोळा बाहेर येतो आणि अख्खा प्रश्न तिथेच मिटतो. बॉबिन घालताना दोरा खाचेत शिरून उलट वळण घेऊन पत्तीखाली यायला हवा. वळण सुलट पडलं तर पकड नीट बसत नाही. मग भरलेली केस दोऱ्याच्या टोकाला धरून लटकव. आपल्या वजनाने ती खाली घसरत येता कामा नये. मनगटाला हलका झटका दिलास की इंच दोन इंच उतरून थांबली, तर खालचं टेन्शन ठीक आहे, स्क्रूला हात लावू नकोस. घसरतच गेली किंवा हललीच नाही, तर आत्ता कुठे तो स्क्रूड्रायव्हर उचल. स्क्रूची खाच कुठल्या दिशेला आहे ते आधी लिहून ठेव आणि एका वेळी अगदी थोडंसं फिरव.

खालचं पक्कं झालं की त्याला हात न लावता रोजचं जुळवणं वरच्या नटाने करायचं. उजवीकडे फिरवलं की घट्ट, डावीकडे सैल. एका वेळी पाव फेरा, आणि प्रत्येक वेळी ज्या कापडावर शिवायचं आहे त्याच्याच दुहेरी तुकड्यावर टीप मारून बघ. सुती ब्लाऊजला बसलेलं टेन्शन अस्तराच्या सॅटिनला जड पडेल, आणि गोधडीचे थर आले की पुन्हा हलवावं लागेल, कारण जाड थरात गाठ ओढून घ्यायला वरच्या दोऱ्याला जास्त जोर लागतो. यात मशीनचा काही दोष नाही. डोळ्यांना अंदाज येत नसेल तर कापड तिरकं धरून त्यावर टीप मार आणि दोन्ही हातांनी ताणून तोड. आधी तुटेल तो दोरा जास्त घट्ट. दोन्ही साधारण एकदम तुटले की जुळलं.

हे मशीन भंगारात देऊ नकोस, हे मात्र मी तुला हट्टाने सांगते. तू पाठवलेल्या फोटोत उजवीकडे पाट्यावर कोरलेला नंबर दिसतोय, आकड्यांच्या आधी अक्षरं आहेत. मशीन सिंगर कंपनीचं असेल तर, त्यांनी १९०० पासून असे अक्षरांचे नंबर घालायला सुरुवात केली, म्हणून त्यावरून वर्ष काढता येतं. स्कॉटलंडमधला त्यांचा क्लाइडबँकचा कारखाना १८८५ ला सुरू झाला आणि १९८० ला बंद पडला, पण तिथली ओतीव लोखंडाची मशीन आजही चालतायत. गांधीजी यंत्रांविषयी किती कडक होते ते तुला माहीत आहे, पण १९२४ साली त्यांनी शिलाई मशीनचा त्यातून अपवाद केला होता. आणि तुझं मशीन सिंगरच्या पंधरा नंबरच्या घराण्यातलं असेल तर त्याच्या बॉबिन आणि केस अजून बाजारात सहज मिळतात. लांबट होडीसारखं शटल निघालं तर ते आणखी जुन्या घडणीचं. त्याची पत्ती आणि स्क्रू शटलवरच असतात, पण रीत हीच.

कारागिराकडे कधी न्यायचं, तेही सांगून ठेवते. चकत्यांवर दोऱ्याने कोरलेली चर दिसली, नटाचे आटे झिजले, किंवा शटलचं टोक बोथट झालं, तर घरी खटपट करू नकोस. नेताना लाल-पांढऱ्या टिपेचा तुकडा सोबत ने आणि त्याला दाखव, म्हणजे तो उगाच सगळं खोलत बसणार नाही. बदललेले जुने भाग परत मागून घे.

उद्या दुपारी मोकळी आहेस ना? पाय उचलून दोरा ओव, चिमटीने ओढून बघ, आणि टीप मारलेल्या तुकड्याच्या दोन्ही बाजूंचे फोटो मला पाठव. खालच्या बाजूचा आधी.