शाळेतील निवडणूक : मुलांचा लोकशाहीचा पहिला पाठ



जबलपूर जिल्ह्यातील पाटन हा मध्य प्रदेश विधानसभेचा एक मतदारसंघ आहे. एकसष्टाव्या घटनादुरुस्तीने १९८९ मध्ये मतदानाचे वय २१ वरून १८ वर आले. तरी शाळकरी मुलांना त्याआधी बरीच वर्षे थांबावे लागते. मात्र मध्य प्रदेशातील शासकीय शाळांत ‘बाल कॅबिनेट’, तर महाराष्ट्रातील अनेक शाळांत ‘शालेय मंत्रिमंडळ’ असते. तेथे निवडणूक होते, तेव्हा मूल काय शिकते?

१. माझे मत माझे आहे. २ करिंथ ८:१९ मध्ये ‘निवडणे’ या अर्थी आलेल्या ग्रीक क्रियापदाचा मूळ अर्थ हात उंचावणे असा आहे. प्राचीन अथेन्सच्या सभेत तशीच मते देत. वर्गातही पुष्कळदा हातच वर होतात. पण हात वर करण्यापूर्वी मूल मित्राकडे, दांडग्या मुलाकडे आणि गुरुजींकडे पाहते. चिठ्ठी हाती आली, की त्याला एकट्यानेच ठरवावे लागते. लोकसभा व विधानसभा निवडणुकांतील मतदारालाही १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व अधिनियमाने हेच गुप्ततेचे संरक्षण दिले आहे.

२. बहुमताने अल्पमताचे ऐकावे. प्रेषितांची कृत्ये, अध्याय ६ पाहा. रोजच्या वाटणीत आपल्या विधवांची उपेक्षा होते, अशी ग्रीकभाषी विश्वासणाऱ्यांची तक्रार होती. प्रेषितांनी आधी काम व त्यासाठी लागणारे गुण सांगितले. मग मंडळीने सात जण निवडले. त्या सातही जणांची नावे ग्रीक आहेत! ज्यांची तक्रार, त्यांना विश्वासाने स्थान मिळाले असे दिसते. निवडून आलेला वर्गप्रतिनिधी मत न देणाऱ्यांचाही प्रतिनिधी असतो, हे मुलाला येथे समजावे.

३. निकालाला अर्थ असतो. शिक्षकांनी आपल्या पसंतीचा विद्यार्थी आधीच ठरवला असेल, किंवा निवडलेल्याला बिल्ल्यापलीकडे काहीच दिले नसेल, तर मूल निवडणूक हे एक नाटक आहे, एवढेच शिकेल. आणि अठराव्या वर्षी तोच समज घेऊन मतदान केंद्रावर जाईल. म्हणून पिण्याचे पाणी, वाचनालय, खेळाचे साहित्य यांपैकी एखादे खरे काम मुलांच्या हाती सोपवावे व त्याचा हिशेब सर्व वर्गापुढे मांडू द्यावा.

पालकांनाही येथे कर्तव्य आहे. मूल घरी आले, की “कोणाला मत दिलेस?” असे विचारू नये. “निवडताना काय पाहिलेस?” असे विचारावे. पहिल्या प्रश्नाने गुप्तता मोडते. दुसऱ्याने विवेक जागा होतो.