गळाची काठी

पावसाळा सरत आला, की कोकणात ओढ्याकाठी, खाडीकाठी माणसे गरवायला बसलेली दिसतात. हातात बांबूची काठी, काठीला दोरी, दोरीला गळ. कोणाला नाद असतो. कोणाला रात्रीच्या कालवणाची काळजी असते.

आमच्या वर्गाला एक गृहस्थ येतात. सगळे त्यांना मामा म्हणतात. गेल्या भाद्रपदात मामांनी नवी काठी केली. सकाळी बांबू तोडला, संध्याकाळी पाण्यावर नेला. आम्ही म्हटले, "मामा, बांबू ओला आहे." मामा म्हणाले, "बांबूच तो! त्याला काय कळतंय ओलं नि सुकं?"

अंधार पडता पडता एक मोठी शिंगटी गळाला लागली. मामांनी काठी उचलली मात्र, शेंड्याकडून दीड हातावर ती काडकन मोडली. दोरी बांधली होती फक्त शेंड्याला. शेंडा गेला, दोरी गेली, गळ गेला आणि मासाही गेला. त्या रात्री मामांच्या घरी पेज आणि लोणचेच होते.

दुसऱ्या दिवशी मामा वर्गात आले ते एक जुनी काठी घेऊन. ती त्यांच्या वडिलांची. बरीच वर्षे माळ्यावर पडलेली. व्हार्निश उडालेले, कड्या गंजलेल्या, काठी धनुष्यासारखी वाकलेली. मामा म्हणाले, "मास्तर, ही तरी नीट होईल का? बाबांच्या हातची आहे. टाकवत नाही."

त्या दिवसापासून आम्ही सगळे मिळून काठीचे काम शिकलो. तेच या पाठात सांगतो.

बांबू कोणता घ्यावा?

काठीला भरीव बांबू चांगला. रत्नागिरी-सिंधुदुर्गात माणगा होतो. त्याला काटे नसतात आणि त्याची कांडी जवळजवळ भरीव असतात. विदर्भात मानवेल मिळतो. तोही कोरड्या जमिनीत भरीव वाढतो.

बांबू तीन वर्षांचा असावा. तो ओळखायचा कसा? कोवळ्या बांबूवर पांढरी भुकटी असते, कोंबाची सुकी आवरणे अंगाला चिकटलेली असतात. जून बांबूवर ती नसतात. त्याचा हिरवा रंग मंदावतो, अंगावर करडे डाग पडतात. कोवळा बांबू सुकला की आक्रसतो आणि त्याला सुरकुत्या पडतात. त्याची काठी टिकत नाही.

दहा फूट लांब, बुंध्याशी अंगठ्याएवढा जाड आणि शेंड्याकडे निमुळता होत गेलेला बांबू निवडा.

सरकारी रानातला बांबू परवानगीवाचून तोडू नका. रानाबाहेर, खासगी जमिनीत लावलेला बांबू २०१७ साली वनकायद्यातल्या 'झाड' या शब्दातून वगळला आहे. आपल्या बांधावरचे बेट आपल्याला तोडता येते.

केव्हा तोडावा?

पावसात बेटाला नवे कोंब फुटतात. तेव्हा बेटाला हात लावू नये. दिवाळीनंतर, थंडीत तोडावा. जमिनीलगतच्या गाठीच्या थोडे वर कापावा, म्हणजे खुंटात पाणी साचत नाही.

जुनी माणसे म्हणतात, बांबू वद्य पक्षात तोडावा, म्हणजे कीड लागत नाही. पक्ष कोणताही असो, खरे कारण बांबूच्या पोटात आहे. बांबूत पिठूळ अंश असतो. तो खायला बारीक भुंगेरे येतात आणि आतून भोके पाडतात. मग काठीखाली पिवळसर पिठी पडलेली दिसते. म्हणून तोडलेला बांबू दोन-तीन आठवडे ओढ्याच्या वाहत्या पाण्यात दगडाखाली दाबून ठेवावा. पिठूळ अंश बराच निघून जातो.

नंतर बांबू सावलीत सुकवावा. उन्हात ठेवला तर तडकतो. शेंडा वर बांधून टांगावा आणि बुंध्याला एक दगड लटकवावा. असा दोन-तीन महिने राहिला, की तो सरळ सुकतो.

सरळ कसा करावा?

तरीही कुठे बाक राहिला, तर तेवढी जागा निखाऱ्यांवर धरा. ज्वाळेवर धरू नका. काठी सारखी फिरवत राहा. जागा चांगली तापली, की फडक्याने धरून, गुडघ्याला टेकवून हळूहळू सरळ करा. निवेपर्यंत तशीच दाबून ठेवा. पोकळ कांड्यात हवा कोंडते आणि ते फट्‌कन फुटते. म्हणून तोंड दूर ठेवा.

फांद्यांचे खुंट चाकूने साफ करा, पण साल खरवडू नका. बांबूचे बळकट धागे सालीलगत दाट असतात, आत विरळ असतात. साल गेली, की काठीचे बळ गेले.

जुनी काठी कशी दुरुस्त करावी?

मामांची काठी आम्ही आधी तपासली. भोके नव्हती, पिठी पडत नव्हती. शेंडा मात्र चार बोटे चिरला होता. चिरलेला भाग कापून टाकला. काठी थोडी आखूड झाली, पण निरोगी झाली.

मग जुन्या कड्या काढल्या. कडीवरचा दोरा कापताना चाकू कडीच्या पायावर, म्हणजे धातूवर चालवावा. बांबूवर चालवला तर खाच पडते, आणि पुढे काठी नेमकी तिथेच मोडते. व्हार्निश बारीक पॉलिश पेपरने, हलक्या हाताने काढले. बाक निखाऱ्यावर काढला.

कडी बांधायची रीत अशी. कडीचा पाय काठीवर ठेवा. मजबूत दोऱ्याचे टोक काठीवर आडवे पाडून त्यावरच वेढे घ्या. वेढ्याला वेढा चिकटला पाहिजे. शेवटचे सात-आठ वेढे उरले, की दुसऱ्या दोऱ्याचा एक फास वेढ्यांखाली ठेवा. वेढे संपले, की टोक त्या फासात घाला आणि फास ओढून घ्या. टोक वेढ्यांखाली जाऊन बसते. गाठ मारावी लागत नाही.

वर व्हार्निशचे पातळ हात द्या. एकदम जाड हात देऊ नका. एक हात दिला, की एक दिवस थांबा. असे तीन हात पुरे. व्हार्निश विस्तवाजवळ नेऊ नका. जवसाचे तेल लावले असेल, तर तेलाची फडकी बोळा करून टाकू नका. ती आपोआप पेट घेतात. ती पाण्यात भिजवा किंवा पसरून वाळवा.

दोरी कशी बांधावी?

कड्या नसलेल्या साध्या काठीला नायलॉनची दोरी, म्हणजे तंगूस, फक्त शेंड्याला बांधू नका. आधी काठीच्या मध्यावर पक्की बांधा. तिथून काठीला धरून वर न्या आणि शेंड्याला पुन्हा बांधा. शेंडा मोडला तरी मासा हातचा जात नाही. मामांचे नुकसान एवढ्याशा गोष्टीने झाले.

शिशाचा मणी दाताने दाबून बसवू नका. शिसे विषारी आहे. पकड वापरा आणि हात धुवा. विजेच्या तारांखाली काठी उभी करू नका. ओल्या काठीतून वीज येते आणि माणूस दगावतो.

शेवटची गोष्ट

व्हार्निशचा शेवटचा हात द्यायचा होता. आम्ही मामांना म्हटले, "थांबा. आधी काठीवर काही लिहा." मामांनी पेन्सिल घेतली. बराच वेळ लागला. मुठीच्या वर त्यांनी वडिलांचे नाव लिहिले, खाली आपले, आणि त्याखाली दुरुस्तीची तारीख. अक्षरे वाकडी होती, पण चूक एकही नव्हती. त्यावर आम्ही व्हार्निशचा हात दिला. आता ते पाण्याने पुसणार नाही.

मार्गशीर्षात मामांनी नवा बांबू तोडला. त्यावर त्या दिवशीच तोडल्याची तारीख घातली. शेजारी विचारायला आला, "मामा, झाली का काठी?" मामांनी तारीख वाचली, बोटांवर महिने मोजले आणि म्हणाले, "नाही बाबा. अजून दीड महिना."

समजले का?
१. मामांची पहिली काठी का मोडली?
२. बांबू पाण्यात का बुडवून ठेवतात?
३. काठीची साल का खरवडू नये?
४. दोरी कुठे कुठे बांधावी?

लिहा: तुमच्या घरात वडीलधाऱ्यांच्या हातची कोणती वस्तू आहे? तिचे नाव, ती कोणी केली आणि तिची काय दुरुस्ती हवी, हे तीन ओळींत लिहा.