मुळशीचे रान आणि त्याची माती

(परिसर अभ्यास : इयत्ता तिसरी ते पाचवी)

काळी, तांबडी, रेताड, जांभ्याची असे जमिनीचे प्रकार विद्यार्थी तोंडपाठ म्हणून दाखवितात. परंतु शाळेच्या कुंपणाबाहेरची माती यांपैकी कोणती, असे विचारले की वर्ग गप्प बसतो. मुळशी तालुक्यातील शिक्षकास हा पाठ पुस्तकावाचून घेता येईल. त्याने वर्गास एकच प्रश्न घालावा : पिरंगुटपासून ताम्हिणीपर्यंत दगड एकच असता माती निरनिराळी का?

दगड एकच आहे, ही गोष्ट आधी मुलांच्या मनावर ठसविली पाहिजे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर साचून झालेला काळा पाषाण, म्हणजे बसाल्ट, हाच सर्वत्र आहे. पहिला फरक पाडतो तो पाऊस. पुणे शहरात वर्षाकाठी सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस पडतो, तर ताम्हिणीच्या घाटात तो ५००० मिलिमीटरांच्याही वर जातो. पाऊस कमी तेथे चुन्याचे अंश जमिनीतच राहतात आणि सखल भागात काळी, चिकट, उन्हाळ्यात भेगाळणारी माती होते. घाटाकडे मात्र चार महिने झिरपणारे पाणी चुना, पोटॅश व इतर क्षार धुऊन नेते. मागे राहतात ती मुख्यत्वे लोह व ॲल्युमिनियम यांची संयुगे. लोहामुळे ती माती तांबूस दिसते व गुणाने आम्लधर्मी असते.

आता झाडांकडे पाहावे. पौडच्या बाजूस टेकड्यांवर पळस, धायटी, गेळा आणि गवत. पश्चिमेकडे सरकावे तसतसे ऐन, कुंभा, हिरडा वाढत जातात. घाटमाथ्याच्या दाट रानात अंजनी, जांभूळ व पिसा ही सदा हिरवी झाडे भेटतात. येथे चाणाक्ष मुलगा अडवील : गुरुजी, जी माती धुऊन निःसत्त्व झाली, तिच्यावरच सर्वांत दाट रान कसे?

शंका अगदी रास्त आहे, आणि पाठाचे मर्म तिच्यातच आहे. या रानाचे धन मातीच्या पोटात थोडे आणि झाडांच्या अंगात फार. गळालेले पान वाळवी, बुरशी व गांडुळे झपाट्याने कुजवितात आणि वरच्या थरात पसरलेली मुळे ते सत्त्व वाहून जाण्यापूर्वीच बरेचसे परत घेतात. तुलनेसाठी कॅनडाच्या उत्तरेकडील मिश्र अरण्य सांगावे. तेथे ॲस्पेन व स्प्रूस ही झाडे एकत्र वाढतात. परंतु थंडीमुळे पालापाचोळा कुजण्यास फार काळ लागतो आणि जमिनीवर त्याचा जाड थर साचून राहतो. तेथील ठेव पुष्कळशी भुईवर, तर येथील ठेव झाडावर. म्हणून येथे झाड तोडून नेले की ठेवही गेली, आणि उघड्या उतारावर पडणारा पाऊस पूर्वीइतकाच राहतो. दोन-चार पावसाळ्यांत मुरूम वर दिसू लागतो. वाहून गेलेली माती अखेर ओढ्यांवाटे धरणात उतरते.

याचा पुरावा गावातच असतो. देवराई आणि तिच्या शेजारचा बोडका उतार यांचा दगड एक, पाऊस एक. तरी पायाखालची माती वेगळी. उरलेला फरक झाडांनी पाडलेला आहे. देवराईतून काडीही न्यायची नाही असा रिवाज असल्यास शिक्षकाने तो पाळावा व गावकऱ्यांस विचारूनच मुलांना आत न्यावे. प्रयोगासाठी वाटेकडेच्या एखाद्या जुन्या झाडाखालची माती पुरते. बुडास छिद्रे पाडलेल्या दोन सारख्या डब्यांत ही माती व बोडक्या उताराची माती, दोन्ही वाळवून, समान भरावी. प्रत्येकीत एकेक पेला पाणी ओतावे. खाली किती पाणी उतरले व ते किती गढूळ आहे, हे मुलांनी स्वतः मोजावे आणि लिहावे.

राब भाजणाऱ्या शेतकऱ्यास अडाणी ठरविण्याची घाई मात्र कोणी करू नये. फांद्यांतील पोटॅश व चुना राखेच्या रूपाने तरव्यास मिळतो, हे त्याने अनुभवाने जाणलेले आहे. प्रश्न आहे तो किती फांद्या तोडाव्यात व झाडास पुन्हा फुटण्यास किती अवधी द्यावा, याचा. गवत चांगले यावे म्हणून डोंगरास लाविलेला वणवा ही गोष्ट निराळी. त्यात पाचोळा जळतो आणि पहिल्या सरीबरोबर राखही वाहून जाते.

सह्याद्रीच्या माथ्यावरील सडे पाहण्याची संधी मिळाल्यास भाद्रपदात अवश्य न्यावे. तेथे बोटभर मातीत सीतेची आसवे ही निळसर-जांभळी फुले येतात. ही वनस्पती अत्यंत सूक्ष्म जीव पकडून पचविते. मातीत न मिळणारा नत्र ती असा मिळविते.

उतारावरील करवीची नोंद शाळेच्या दप्तरी असावी. करवी साधारण सात वर्षे वाढते, मग एकदम फुलते, बी धरते आणि वाळून जाते. फुलोऱ्याचे वर्ष व डोंगराचे नाव लिहून ठेवावे. पहिलीत तो पाहिलेली मुले पुढच्या फुलोऱ्याच्या वेळी सातवी-आठवीत असतील. वहीतील नोंद त्यांच्याच हाती द्यावी.