घरी बसलेल्याची मोजदाद नाही

प्रश्न : २०१९ला ज्या युतीला मत दिलं, ती निकालानंतर महिनाभरात मोडली. पुढे पक्षही फुटले. आता निषेध म्हणून मतदानाच्या दिवशी घरीच बसायचं ठरवलंय. चुकतंय का माझं?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : राग रास्त आहे. तुमच्या मतामुळे उद्या कुणी पक्ष बदलणार नाही, अशी हमी आम्हीही देऊ शकत नाही. पण निषेध कुठेतरी नोंदला तर जायला हवा! घरी बसलेला मतदार रागावलाय, गावी गेलाय की झोपलाय, हे कोणत्याच यंत्रात उमटत नाही. शिवाय किमान अमुक टक्के मतदान व्हायलाच हवं, अशी अट आपल्याकडे नाही. २०१७ साली श्रीनगरच्या लोकसभा पोटनिवडणुकीत जेमतेम ७ टक्के मतदान झालं, तरी खासदार निवडून आलाच. तुम्ही गेला नाहीत तर निवडणूक अडत नाही. जे जातात त्यांच्या मताचं वजन तेवढं वाढतं. मग हमखास येणारे आपले मतदार सांभाळले की उमेदवाराचं भागतं.

एका मताने काय फरक पडतो, असं वाटत असेल तर हे पाहा : मुंबई वायव्य मतदारसंघात २०२४ मध्ये रवींद्र वायकर अवघ्या ४८ मतांनी खासदार झाले. २०१७च्या मुंबई महापालिका निवडणुकीत प्रभाग २२० मध्ये शिवसेनेचे सुरेंद्र बागलकर आणि भाजपचे अतुल शहा यांना प्रत्येकी ५,९४६ मतं पडली आणि चिठ्ठी टाकून शहा विजयी ठरले. घरी राहिलेला एक मतदार जरी आला असता, तरी चिठ्ठीची वेळ आली नसती.

अशा लढती क्वचितच होतात, हे मान्य. पण मताचा उपयोग निकालापुरताच नसतो. तुम्ही कुणाला मत दिलं हे गुप्त राहतं. दिलं की नाही, हे मात्र केंद्रावर बसलेले पक्षांचे प्रतिनिधी यादीवर खूण करून ठेवतात. निकालानंतर केंद्रनिहाय आकडेही जाहीर होतात. कोणती वस्ती मतदानाला उतरते आणि कोणती उतरत नाही, हे कार्यकर्त्यांना पाठ असतं. पाण्याची तक्रार घेऊन तुम्ही नगरसेवकाकडे जाता, तेव्हा तो हे विसरलेला नसतो.

एकही उमेदवार पटत नसेल तर २०१३पासून ‘नोटा’ आहे. लोकसभा-विधानसभेत त्याने निकाल बदलत नाही, पण आकडा नोंदला जातो. २०१९च्या विधानसभा निवडणुकीत लातूर ग्रामीणमध्ये ‘नोटा’ चक्क दुसऱ्या क्रमांकावर होता. महाराष्ट्रातल्या स्थानिक स्वराज्य संस्थांसाठी तर राज्य निवडणूक आयोगाने २०१८ मध्येच आदेश काढला : ‘नोटा’ला सर्वाधिक मतं पडली, तर फेरनिवडणूक.

तेव्हा निषेध जरूर करा, पण मोजला जाईल असा. त्यासाठी यादीत नाव हवं. नाव नसेल तर फॉर्म ६, घर बदललं असेल तर फॉर्म ८ भरा. आणि निवडणूक जाहीर व्हायची वाट पाहू नका.