उभ्या वृक्षाचे वजन : हेलिकॉप्टरने होणाऱ्या तोडीची पूर्वतयारी

कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर ब्रिटिश कोलंबिया हा प्रांत आहे. तेथील समुद्रालगतचे डोंगर इतके उभे आहेत की, सर्वत्र रस्ते काढणे परवडत नाही. काढल्यास उतारावरील माती ढासळून ओढ्यांत जाते. म्हणून अशा दुर्गम जंगलातील तांबडा सीडर, सिट्का स्प्रूस, हेमलॉक आदी महावृक्ष हेलिकॉप्टरने उचलले जातात. काही ठिकाणी तर वृक्ष आडवा न पाडता उभाच उचलतात. त्यामुळे मौल्यवान खोड आपटून फुटत नाही व शेजारच्या झाडांस इजा कमी होते.

आरोहकाचे काम

हेलिकॉप्टर येण्यापूर्वी वृक्ष सिद्ध करावा लागतो. आरोहक पायांस पोलादी काटे बांधून व खोडाभोवती दोर टाकून वर चढतो. करवतीचा निसटता घाव बसला तरी दोर एकदम तुटू नये, म्हणून त्याच्या गाभ्यात पोलादी तार असते. जिवंत ठेवावयाच्या झाडावर मात्र काटे वापरू नयेत, कारण त्यांनी सालीस जखमा होतात. वर जाताना तो फांद्या छाटतो व शेवटी शेंडा उतरवितो. शेंडा सुटताच खोड जोराने डोलते. तो क्षण विशेष धोक्याचा असतो.

त्यानंतर बुंधा कापतात. परंतु वृक्ष उभा राहील एवढे लाकूड मध्ये अखंड राखतात. हेलिकॉप्टरखाली लोंबणारा पोलादी पंजा खोड वरून पकडतो, राखलेले लाकूड मोडतो आणि वृक्ष उचलून नेतो. असा अर्धवट कापलेला वृक्ष वाऱ्याने केव्हाही कोसळू शकतो. म्हणून त्याच्या आसपास कोणीही थांबू नये.

वजनाचा हिशेब

या सर्व कामाचा पाया म्हणजे वजनाचा अचूक अंदाज. कामोव्ह का-32 हे हेलिकॉप्टर बाहेर टांगलेला सुमारे 5 टन भार उचलू शकते. उंची, हवेची उष्णता व टाकीतील इंधन यांनुसार ही मर्यादा आणखी खाली येते.

सरासरी 1 मीटर व्यासाचे, 12 मीटर लांबीचे हेमलॉकचे खोड घेऊ. त्याचा घेर 3.14 मीटर होईल. लाकूडव्यवहारात रूढ असलेल्या चतुर्थांश घेराच्या सूत्राप्रमाणे घेराच्या चौथाईचा वर्ग करून त्यास लांबीने गुणले असता 7.4 घनमीटर येतात. ओल्या लाकडाचे वजन दर घनमीटरास 650 किलो धरल्यास भार 4.8 टन होतो. म्हणजे तो मर्यादेत दिसतो. परंतु हे सूत्र घनफळ सुमारे 21 टक्क्यांनी कमी दाखविते. खरे घनफळ 9.4 घनमीटर व खरा भार 6.1 टन आहे!

अशा वेळी खोडाचे दोन तुकडे करणे प्राप्त होते, आणि हा निर्णय आरोहक झाडावर असतानाच व्हावा लागतो. आकाशात भार अधिक ठरला, तर वैमानिकास तो सोडून देण्यावाचून गत्यंतर नसते. मग मौल्यवान लाकूड तर जातेच, शिवाय खालील माणसांच्या जिवासही धोका उत्पन्न होतो.

विक्रीसाठी रूढ असलेले माप आणि उचलण्यासाठी लागणारे माप यांतील हा भेद ओंडके बैलगाडीत वा मालमोटारीत भरणाऱ्यांनीही ध्यानी ठेवावा. शिक्षकांनी वरील उदाहरण फळ्यावर सोडवून दाखविल्यास विद्यार्थ्यांस घनफळाचा उपयोग प्रत्यक्ष पटेल.