आधी निकष, मग पैसे

पुण्याच्या जुन्या बाजारात एकाने वैमानिकाचे कापडी पंख माझ्यापुढे धरले. "ब्रह्मदेशच्या लढाईतले, 1942चे." मधोमध 'आरआयएएफ', म्हणजे रॉयल इंडियन एअर फोर्स, वर मुकुट. किंमत एवढी, की आमच्या मांडवगणात तेवढ्यात एकराचं उसाचं बेणं आलं असतं.

मी हात आखडता घेतला. आपल्या हवाई दलामागे 'रॉयल' लागलं मार्च 1945मध्ये आणि 26 जानेवारी 1950ला ते गेलं. मग 1942मध्ये ती अक्षरं कुठली? मुकुटही राणीचा, कमानी मधोमध दबलेल्या. एलिझाबेथ गादीवर आली 1952मध्ये, तोवर आपण प्रजासत्ताक झालो होतो. राजाच्या मुकुटाच्या कमानी गोल, फुगीर असतात, एवढं डोळ्यांत बसवा. भिंगापेक्षा सनावळी जास्त कामाला येते.

बिल्ला कशासाठी मिळायचा, हे ठाऊक नसेल तर पाकिटाला हात लावू नका. पंख मिळतात प्रशिक्षण पुरं केल्यावर, ते शौर्यपदक नव्हे. डीएफसी, म्हणजे डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस, शत्रूविरुद्धच्या उड्डाणातल्या कर्तबगारीचा, तोही जून 1918पासून. बर्मा स्टार त्या आघाडीवरच्या सेवेचा. 'कॅटरपिलर क्लब'ची इवली सोनेरी अळी तर सरकारी नाहीच. संकटात पॅराशूटने जीव वाचला, तरच ती मिळे. हौसेची उडी चालत नसे. विक्रेते या सगळ्याला सरसकट 'शौर्यपदक' म्हणतात आणि भाव तसा लावतात.

अतिनील टॉर्चखाली धागा पांढरा झळकला, तर शंका घ्या. पण खरा बिल्लाही घरच्या साबण-पावडरीत धुतला असेल तर झळकतोच.

मांडवगणाहून नदीपलीकडे, दौंडच्या बाजूला एका माजी सैनिकाच्या घरी मला पदकं देऊ केली होती, कागद मात्र रद्दीत निघालेले. मी आधी कागद वाचवले. पदकाच्या कडेवरचा क्रमांक, हुद्दा, नाव सेवापुस्तकाशी जुळलं, तरच ते कुणाचं तरी ठरतं. पदकं त्यांच्याच घरी राहिली, मला फोटो पुरले.

मुंबईचे वैमानिक श्री कृष्ण वेलिणकर 1918च्या जूनमध्ये फ्रान्सच्या आघाडीवर मृत्युमुखी पडले. त्या काळचा बिल्ला हाती आला, तर तो आता शंभरी ओलांडलेला, म्हणजे 1972च्या कायद्याने पुरावस्तू. परदेशी गिऱ्हाईक कितीही देवो, तो टपालात टाकू नका. आणि सैनिक असल्याचं भासवायला बिल्ला छातीवर लावणं हा गुन्हा आहे, वरातीतसुद्धा.