प्रकाशतंतूची निगा

आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी भिंतीवरील लहानशा पेटीपर्यंत एक बारीक केबल आलेली असते. दूरदेशीचे आवाज, चित्रे आणि ग्रंथ तिच्यातूनच आपल्यापर्यंत पोहोचतात. या केबलीत तांब्याची तार नसून काचेचा तंतू असतो आणि त्यातून विजेऐवजी प्रकाश धावतो. या नाजूक वस्तूची निगा कशी राखावी, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम तंतूची रचना पाहू. लांब पल्ल्याच्या तंतूचा गाभा अवघा ९ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही थोडा कमी जाडीचा असतो. त्याभोवती काचेचेच आवरण असते. ते धरून जाडी १२५ मायक्रॉन भरते. आवरणाचा वक्रीभवनांक गाभ्याहून किंचित कमी असतो. त्यामुळे कडेवर तिरका आदळणारा प्रकाश बाहेर न पडता, पूर्ण आंतरिक परावर्तनाने पुन्हा आत वळतो व पुढे जात राहतो.

पंजाबातील मोगा येथे जन्मलेले नरिंदरसिंग कपानी यांनी हॅरल्ड हॉपकिन्स यांच्यासह १९५४ साली काचतंतूंच्या जुडग्यातून प्रतिमा नेता येते, हे दाखवून दिले. परंतु त्या काळच्या तंतूंत प्रकाश थोड्याच अंतरात क्षीण होई. हा दोष मुख्यत्वे काचेतील अशुद्ध द्रव्यांचा आहे, ती काढल्यास प्रकाश दूरवर जाईल, असे चार्ल्स काव व जॉर्ज हॉकहॅम यांनी १९६६ साली प्रतिपादन केले. या कार्याबद्दल काव यांना २००९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. आज उत्तम तंतूतून सुमारे १५ किलोमीटर गेल्यावरही निम्मा प्रकाश शिल्लक राहतो.

आता गंमत पाहा. काचेतील मळ घालविण्यासाठी शास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षे खटपट केली. आणि आपण मात्र तोच मळ बोटाने तंतूच्या तोंडाला लावून ठेवतो! जेथे दोन तंतू कनेक्टरने एकमेकांस भिडतात, तेथे काही मायक्रॉनांचा धूलिकणही गाभ्याचा बराच भाग झाकू शकतो. शिवाय तो दोन टोकांमध्ये दाबला गेला, तर काचेवर कायमचा ओरखडा उठतो. मैलोगणती चालून आलेला प्रकाश असा आपल्या उंबरठ्यावर येऊन अडखळतो.

यासाठी जाणत्या कारागिरांचा क्रम ध्यानात ठेवावा : आधी पाहावे, मग पुसावे, पुन्हा पाहावे आणि मगच जोडावे. पाहण्यासाठी त्यांच्याजवळ खास सूक्ष्मदर्शक असतो. पुसण्यासाठी तंतू न सोडणारे कोरडे कापड, आणि चिकट डाग असल्यास शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोलचा थेंब वापरतात. मात्र नंतर कोरड्या भागाने टिपून घ्यावे लागते. कापडाचा एकदा वापरलेला भाग पुन्हा वापरू नये. सदऱ्याच्या टोकाने पुसणे किंवा तोंडाने फुंकर मारणे सर्वथा वर्ज्य होय, कारण फुंकरीबरोबर ओलावाही जातो. कनेक्टर मोकळा असताना त्यावर टोपण घालून ठेवावे. तसेच हिरवा कनेक्टर निळ्यास जोडू नये. हिरव्याचे टोक ८ अंशांनी तिरके घासलेले असते. सरळ टोकाशी ते नीट भिडत नाही.

केबलीस तीव्र बाकही देऊ नये. फार वाकविल्यास आतील प्रकाश आवरणातून निसटतो व तंतू तुटण्याचेही भय असते. सर्वसाधारण नियम असा, की स्थिर केबलीच्या वळणाची त्रिज्या तिच्या व्यासाच्या दहापट तरी असावी व ओढताना वीसपट असावी. तेव्हा ३ मिलिमीटरची केबल ३ सेंटिमीटरहून कमी त्रिज्येत वळवू नये. कपाटामागे ती चेपू नये, दोरीने आवळू नये, आणि कनेक्टरला धरून ओढू नये.

शेवटी सर्वांत महत्त्वाची सूचना. तंतूतील प्रकाश बहुधा अवरक्त असल्यामुळे डोळ्यांस दिसत नाही. परंतु तो दृष्टीस इजा करू शकतो. म्हणून तंतूच्या टोकात कधीही डोकावू नये. सूक्ष्मदर्शकातून पाहण्यापूर्वी तर प्रकाश बंद असल्याची खात्री केलीच पाहिजे. तुटलेल्या तंतूची कुसळेही धोक्याची असतात. ती कातडीत शिरली तर सहज दिसत नाहीत. ती झाकणाच्या डब्यात जमा करावीत आणि कामाच्या जागी खाणेपिणे टाळावे.

पेटीवरील तांबडा दिवा लुकलुकू लागला, की आपण लगेच दूरच्या यंत्रणेस दोष देतो. तत्पूर्वी केबल कोठे मुडपली वा दबली तर नाही ना, हे अवश्य पाहावे. मात्र टोक उघडण्याचे काम जाणकारावरच सोपवावे. मोठमोठ्या शोधांचे फळ शेवटी अशा लहानसहान दक्षतेवरच टिकून असते.